लहानपणीच्या पक्षाघातानंतर: दुबळ्या हाताला रोजचं काम

पक्षाघात लहान मुलांनाही होतो. कधी जन्माच्या आसपास, तर कधी पुढे हृदयाचा दोष, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) किंवा मेंदूज्वरामुळे. मूल सावरतं, चालायला लागतं. पण एक हात मुठीतच राहतो आणि त्याच बाजूची टाच टेकत नाही. पुढची माहिती या टप्प्यावरच्या घरांसाठी आहे.

चांगल्या हाताने काम पटकन होतं, म्हणून मूल दुबळा हात वापरणंच सोडून देतं. ‘तो हात वापर’ असं दिवसभर ऐकवून काही होत नाही. एका हाताने होणारच नाही असं काम द्या. मटार सोलणं उत्तम: दुबळा हात शेंग धरणार, चांगला हात सोलणार. सुरुवातीला टपोऱ्या शेंगा निवडा, चपट्या निसटतात आणि मूल वैतागतं. बाटली दुबळ्या हाताने धरून झाकण उघडणं, लाडू वळणं, पोळपाट धरणं हेही चालेल. दिवसातून दोन-तीनदा 10-10 मिनिटं पुरे. चांगला हात बांधून ठेवण्याची पद्धत थेरपिस्टच्या देखरेखीशिवाय करू नका. मूल तोल जाऊन पडू शकतं.

मूठ घट्ट असेल तर बोटं ओढू नका, ओढल्याने ती आणखी आवळतात. आधी मनगट हलकेच तळहाताच्या बाजूला वाकवा, म्हणजे बोटं सैल पडतात. मग अंगठा टोकाला न धरता मुळापासून बाहेर घ्या.

उजवी बाजू दुबळी असेल तर मूल डाव्या हाताने जेवणार आणि लिहिणार. आजी-आजोबांना हे आधीच नीट समजावून सांगा. पंगतीत त्यावरून टोकणं मुलाच्या मनाला फार लागतं. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही.

शर्ट घालताना आधी दुबळा हात, काढताना आधी चांगला. गणवेशाच्या बटणांमागे वेल्क्रो लावून घ्या.

पायाच्या स्प्लिंटमध्ये, म्हणजे घोटा आणि पाऊल सरळ धरणाऱ्या आधारात (एएफओ), टाच पूर्ण मागे बसली पाहिजे. त्यासाठी गुडघा वाकवून बसवा, घोट्यावरचा पट्टा आधी आवळा, बाकीचे नंतर. टाच उचललेली राहिली तर ती आत घासते आणि फोड येतो. आत लांब सुती मोजा हवा, सुरकुती नको. स्प्लिंट काढल्यावर त्वचा रोज पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो स्प्लिंट घालू नका, बनवणाऱ्याकडे न्या. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाड पुढे जातं आणि पोटरीचा स्नायू मागे राहतो, म्हणून टाच पुन्हा वर येऊ लागते. हा नवा झटका नव्हे, पण तपासणी लांबवू नका.

शाळेत सांगायच्या गोष्टी वेगळ्या. काही मुलांना दोन्ही डोळ्यांनी एका बाजूचं दिसत नाही. डावीकडचं दिसत नसेल तर मुलाला वर्गाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे फळा उजवीकडे येतो. सूचना एकेक करून द्याव्यात. दुपारनंतरची मरगळ हा आळस नव्हे. चालायला, लिहायला या मुलांना खरोखरच जास्त कष्ट पडतात, म्हणून अवघड विषय सकाळी घ्यावेत. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. यूडीआयडी कार्डाचं (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचं) काम नववीतच उरका.

फिट आली तर कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मुलाला अ‍ॅस्पिरिन चालू असेल आणि कांजिण्या किंवा फ्लू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अशा वेळी अ‍ॅस्पिरिनमुळे क्वचित यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होते. अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडलं किंवा हात-पाय नव्याने लुळा पडला तर मात्र उद्याची वाट न पाहता थेट मोठं रुग्णालय गाठा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते तिथे सांगा.