प्रोस्टेटचा एमआरआय करायचाय? आधी या चुका टाळा

प्रोस्टेटसाठी केलेल्या रक्ततपासणीत पीएसए वाढलेला आला की माणूस घाबरतो, आणि घाबरला की घाई करतो. मी प्रोस्टेटचे एमआरआय वाचून रिपोर्ट लिहितो. माझ्यासमोर येणाऱ्या खराब स्कॅनमध्ये मशीनचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा गडबड पेशंट टेबलावर झोपण्याच्या आधीच झालेली असते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आधी बायोप्सी आणि मग एमआरआय. बायोप्सीच्या सुया जिथून जातात तिथे प्रोस्टेटमध्ये रक्त साठतं आणि ते कित्येक आठवडे राहतं. एमआरआयमध्ये वेगवेगळ्या प्रकारची चित्रं काढतात. त्यातल्या टी-2 चित्रात कॅन्सर काळपट दिसतो, आणि हे रक्तही बऱ्याचदा तसंच दिसतं. टी-1 चित्रामुळे रक्त आहे एवढं कळतं, पण त्याच्याआड काय दडलंय ते नीट कळत नाही.

एका काकांचं असंच झालं. बायोप्सीची तारीख लवकर मिळाली म्हणून घरच्यांनी तीच आधी उरकली. तुकड्यांमध्ये काही सापडलं नाही, पण पीएसए चढाच. मग दुसऱ्याच आठवड्यात एमआरआयला आले. दोन्ही बाजूंना रक्तच रक्त. ‘रक्तस्रावामुळे तपासणीला मर्यादा’ एवढंच लिहिण्यापलीकडे मला काही करता येईना. मुलगा चिडला, पैसे वाया गेले म्हणाला, आणि त्याचं चुकीचं नव्हतं. दोन महिने थांबून पुन्हा स्कॅन केला तेव्हा प्रोस्टेटच्या पुढच्या भागात गाठ स्पष्ट दिसली. गुदमार्गातून घेतलेल्या नेहमीच्या बायोप्सीत सुई या भागापर्यंत सहसा नीट पोचत नाही. नंतर नेमकी त्या जागेची बायोप्सी झाली आणि निदान झालं. एमआरआय आधी झाला असता तर हे सगळं एकाच फेरीत आटपलं असतं.

म्हणून पीएसए वाढला की युरोलॉजिस्टला सरळ विचारा, ‘बायोप्सीच्या आधी एमआरआय करायचा का?’ बायोप्सी होऊन गेलीच असेल तर निदान सहा आठवडे जाऊ द्या. मी स्वतः दोन महिने थांबायला सांगतो. लघवीत इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं होऊ द्या. त्यानेही पीएसए वाढतो, आणि प्रोस्टेटची सूज चित्रात कॅन्सरसारखी दिसू शकते.

पोट साफ करून या. गुदाशय प्रोस्टेटला अगदी चिकटून असतो. त्यात गॅस असला की डिफ्यूजनचं, म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारं चित्र वेडंवाकडं येतं, आणि गाठ शोधायला सगळ्यात जास्त उपयोग त्याच चित्राचा होतो.

टेबलावर चढण्याआधी लघवीला जाऊन या, ‘आत्ता लागली नाही’ म्हणू नका. स्कॅन अर्धा-पाऊण तास चालतो. प्रोस्टेटच्या पेशंटला मधेच लागते, मग चुळबूळ सुरू होते आणि चित्रं हलतात.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करताना डोळ्यात गेलेला कण, यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. हे लपवणं जिवावर बेतू शकतं. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर तेही सांगा, चित्रात फरक पडतो. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणा, कारण कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन, द्यायचा की नाही हे त्यावर ठरतं. ‘इंजेक्शन नको, लवकर सोडा’ हा हट्ट मात्र धरू नका. कॉन्ट्रास्टशिवाय काम भागेल असे पेशंट खरोखर असतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता रिपोर्ट. तो फोनवर येतो आणि डॉक्टरांना भेटायच्या आधीच घरात रडारड सुरू होते. पाय-रॅड्स 4 वाचून ‘चौथी स्टेज’ समजलेली कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. पाय-रॅड्स म्हणजे स्टेज नव्हे! 1 ते 5 हे आकडे फक्त एवढंच सांगतात की उपचाराची गरज पडेल असा कॅन्सर असण्याची शक्यता किती आहे. 1 म्हणजे फारच कमी, 5 म्हणजे फार जास्त, 3 म्हणजे नक्की सांगता येत नाही. स्टेज वेगळी ठरते, तीही कॅन्सर सिद्ध झाल्यावर. 4 आलेल्या काहींच्या बायोप्सीत कॅन्सर निघतच नाही.

उलटी चूकही तितकीच घातक. 1 किंवा 2 आला की लोक पीएसए तपासणंच सोडून देतात. एमआरआयमधून काही कॅन्सर निसटतात, म्हणून रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचं आकारमान पाहा आणि पीएसएला त्याने भागा. पीएसए 6 आणि प्रोस्टेट 60 सीसी असेल तर उत्तर 0.1. तोच पीएसए 30 सीसीच्या प्रोस्टेटमध्ये असेल तर 0.2. साधारण 0.15च्या वर गेलं की स्कॅनमध्ये 1 किंवा 2 आला असला तरी डॉक्टरांशी बायोप्सीबद्दल बोला.

जुन्या स्कॅनची सीडी आणा, नुसती फिल्म पुरत नाही.

आणि औषधांची यादी पूर्ण द्या. पेशंट शुगर-बीपीच्या गोळ्या लिहितात आणि लघवी सुटायला घेतलेली गोळी विसरतात. ती फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असेल, तर काही महिन्यांनी पीएसए जवळपास निम्मा दिसायला लागतो. अशा माणसाचा 4 हा आम्ही 8च्या आसपास धरतो.