डावखुऱ्यांसाठी हँडहेल्डची बटणं: काय हलवायचं, काय तसंच ठेवायचं

हँडहेल्डची, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्राची, सगळी बटणं आरशातल्यासारखी उलटी केली की झालं, असं आधी वाटतं, आणि तिथेच गणित फिसकटतं. डाव्या अंगठ्याने पात्र चालवणं डावखुऱ्याला मुळात जड जात नाही. अडतं ते नेम धरताना आणि स्टायलस (पडद्यावर टेकवायची लेखणी) वापरताना. म्हणून खेळात सगळ्यांत नाजूक काम कोणतं, ते आधी ओळखा आणि तेवढंच डाव्या हाताकडे आणा. उड्या मारत पुढे जायचे खेळ, कोडी, पाळीपाळीने खेळायचे खेळ यांच्या सेटिंगला बहुतेकदा हात लावायची गरजच नसते.

मुळात दोष यंत्राच्या मांडणीत आहे. १९८२ मध्ये निन्टेन्डोच्या गेम अँड वॉच या छोट्या खेळयंत्राच्या ‘डाँकी काँग’साठी तिथल्याच गुनपेई योकोई यांनी अधिकच्या चिन्हाचा डी-पॅड (दिशा देणारं बटण) डाव्या अंगठ्याखाली ठेवला आणि पुढे तीच रीत झाली. १९८९ च्या अटारी लिंक्समध्ये मात्र यंत्र उलटं धरून चित्रही फिरवता यायचं, की डी-पॅड उजव्या हाताखाली! ती शहाणी सोय काही रुजली नाही.

स्टायलसचे खेळ (निन्टेन्डोची डीएस, थ्रीडीएस यंत्रं)

स्टायलस डाव्या हातात गेली की डी-पॅड आणि वरच्या डाव्या कडेचं एल बटण दोन्ही हातचे जातात. त्यांचं काम उजवीकडे न्यायचं ते असं: एक्स म्हणजे वर, बी खाली, वाय डावीकडे, ए उजवीकडे, आणि एलच्या जागी उजव्या कडेचं आर. खेळाच्या कंट्रोल सेटिंगमध्ये डावखुऱ्यांचा पर्याय असेल तर तो बहुधा हेच करतो. ‘किड इकारस: अपरायझिंग’मध्ये (२०१२) अशी बटणं चालतातच, शिवाय सर्कल पॅड प्रो (थ्रीडीएसला लावायचा जोडभाग) जोडला तर चालण्यासाठी उजवीकडे गोल पॅडही मिळतो. त्याला एक एएए सेल लागतो.

आता वजनाचा प्रश्न. मूळ थ्रीडीएस २३५ ग्रॅमचं आणि एक्सएल ३३६ ग्रॅमचं. एकट्या उजव्या हाताने ते पेलत त्याच हाताने बटणं दाबली, तर मनगट लवकर भरून येतं. यंत्र स्टँडवर, मांडीवरच्या उशीवर किंवा टेबलावर टेकवा. उजव्या हाताने फक्त कडा धरायची: अंगठा बटणांवर, तर्जनी आरवर.

नेम अचानक भलतीकडे उडतो, ही डावखुऱ्यांची नेहमीची तक्रार. याचं कारण पडद्यात आहे. हा पडदा दाबावर चालतो आणि त्याला एका वेळी एकच बिंदू कळतो. तळहाताचा काठ कुठे टेकला की स्टायलसचं टोक आणि तो काठ यांच्या मधलीच कुठली तरी जागा तो धरतो. करंगळी पडद्याबाहेरच्या चौकटीवर टेकवा आणि स्टायलस टोकापासून साधारण ३ सेंटीमीटर मागे धरा. हात उचललेला राहतो आणि पडद्याचा डावा भागही कमी झाकला जातो. शिवाय सेटिंगमधून पडद्याचं कॅलिब्रेशन (स्पर्शाची जुळणी) एकदा नव्याने करा. तेव्हा खेळताना धरता तशीच, डावीकडून तिरकी स्टायलस धरून खुणांवर टेकवायचं.

दोन स्टिकचे खेळ

निन्टेन्डोच्या स्विचवर एप्रिल २०२० च्या १०.०.० आवृत्तीपासून पूर्ण यंत्रासाठी बटणं बदलता येतात: सिस्टीम सेटिंग्ज, त्यात कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, त्यात चेंज बटन मॅपिंग. खेळाच्या स्वतःच्या मेन्यूत स्टिकची (अंगठ्याने फिरवायच्या दांड्यांची) अदलाबदल असेल तर आधी ती वापरा; ती नसेल तरच इथे या. इथे केलेला बदल खेळाला कळत नाही, त्यामुळे पडद्यावर ‘ए दाबा’ अशी जुनीच सूचना येत राहते आणि पहिले काही दिवस भलतंच दाबलं जातं.

नुसत्या स्टिक बदलल्या की नवीच पंचाईत होते. आता उजवा अंगठा चालवतोय आणि उडीचं बटणही त्याच्याच वाट्याला. उडी मारायला अंगठा उचलला की पळणारं पात्र जागीच थबकतं. म्हणून बटणंही पलीकडे न्या. निन्टेन्डोच्या मांडणीत डावीकडचं वरचं बटण एक्स करा, खालचं बी, बाहेरचं म्हणजे डावं ए, आणि आतलं म्हणजे उजवं वाय. ही झाली आरशातली जागा. उजवीकडच्या बटणांना मात्र आरसा लावू नका. तिथे दिशा सरळच ठेवा: वाय डावीकडे, ए उजवीकडे. नाहीतर मेन्यूत डावं दाबल्यावर खूण उजवीकडे पळते. स्टिक आत दाबायची बटणंही बदलली का, ते तपासा. धावणं अनेकदा तिथेच असतं.

गोळी झाडायचं झेडआर (उजवीकडचं मागचं बटण) निदान सुरुवातीला हलवू नका. नेम डावीकडे आणि चाप उजवीकडे असला, तर चाप ओढताना नेमाचा अंगठा हलत नाही. हा फायदा उजव्यांना नेहमीच्या मांडणीत मिळत नाही! स्विचची उजवी स्टिक खाली असते, त्यामुळे तिनेच सतत चालायचं झाल्यास अंगठा दुमडलेला राहतो. तळव्यात भरेल अशी जाडसर ग्रिप बसवली की बराच आराम पडतो. मांडणी जमली की फेव्हरिटमध्ये जतन करा. पाच ठेवता येतात.

स्टीम डेक या हँडहेल्डवर हे सगळं सोपं जातं, कारण दोन्ही स्टिक एकाच उंचीवर आहेत आणि मागे एल४, एल५, आर४, आर५ ही चार जास्तीची बटणं आहेत. खेळ सुरू असताना स्टीम बटण दाबा, कंट्रोलर सेटिंग्जमधून लेआउट एडिट उघडा, डाव्या स्टिकचं आउटपुट उजवी स्टिक असं ठेवा आणि उजवीचं डावी. उडी एल४ वर द्या, मग अंगठा कुठेच हलवावा लागत नाही. जायरोने, म्हणजे यंत्रच हलवून, नेम धरत असाल तर तो सुरू करण्याची खूण उजव्या स्टिकऐवजी डाव्या स्टिकच्या किंवा डाव्या ट्रॅकपॅडच्या स्पर्शाला द्या. यंत्र मात्र ६६९ ग्रॅमचं (ओएलईडी ६४० ग्रॅमचं) आहे, तेव्हा कोपरं टेकवूनच बसा.

बदलानंतर नेमाची संवेदनशीलता नेहमीपेक्षा थोडी खाली आणा, नाहीतर नवा अंगठा लक्ष्य ओलांडून पुढे जातो. ती हळूहळू वाढवा. एका बैठकीत एकच बदल करा. दोन-तीन एकदम केले की गडबड नेमकी कुठून येतेय ते कळत नाही. रोज २०-३० मिनिटं सोप्या पातळीवर खेळा. आठवड्याभरानंतरही हात अडखळत असेल, तर शेवटचा बदल मागे घ्या आणि बाकीचे तसेच ठेवा.