नीळ चढवायला शिकवण्याची एक दिवसाची कार्यशाळा : वेळापत्रक पिंपाप्रमाणे आखा

कापड रंगवायची नीळ शिकवायची तर आधी घड्याळाचा हिशेब करा. समजा बारा जण आहेत आणि पिंप एकच आहे. एका बुडीला तीन मिनिटं, कापड काढून पुढच्याला जागा करून द्यायला एक मिनिट. एक फेरी झाली 48 मिनिटांची. मध्यम निळ्यासाठी चार बुड्या लागतात, म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ रांगेतच गेला. त्याऐवजी 20 लिटर पाणी भरून वर थोडी जागा उरेल अशी दोन पिंपं ठेवा आणि एकेका पिंपावर दोघांना घ्या. फेरी 12 मिनिटांत संपते, आणि बाहेर काढलेल्या कापडाला हवा लागायला साधारण तेवढाच वेळ हवा असतो. माणशी कापड 150 ग्रॅमच्या वर नको. एक हातरुमाल नमुन्यासाठी आणि एक पातळ सुती स्टोल एवढं पुरे.

दोन्ही पिंपं आदल्या संध्याकाळी लावून ठेवा. लोक आल्यावर लावायला घेतली तर नीळ उतरण्याची, म्हणजे पाण्यात न विरघळणारी नीळ विरघळण्याची, वाट बघण्यातच सकाळ जाते. प्रमाण 1-2-3 : नीळ एक भाग, विझवलेला चुना दोन, फ्रुक्टोज तीन. फ्रान्सच्या मिशेल गार्सिया यांनी प्रचारात आणलेली ही पद्धत आहे. एका पिंपाला 100 ग्रॅम नीळ, 200 ग्रॅम चुना आणि 300 ग्रॅम फ्रुक्टोज घ्या. गुळावरही पिंप लागतं, पण गुळात मुख्यतः साधी साखर असते आणि ती नीळ उतरवण्याचं काम सरळ करत नाही. त्यामुळे गूळ जास्त लागतो आणि वेळेचा भरवसा राहत नाही. घरी गूळ वापरून बघा, कार्यशाळेत फ्रुक्टोजच घ्या.

चुना पावडरच्या रूपातला, विझवलेलाच हवा. कळीचा चुना पाण्यात पडला की उसळतो आणि भाजतो, त्यामुळे तो तिथे आणूच नका. पानाला लावायचा चुना चालण्यासारखा असतो, पण त्यात पाणी किती ते कळत नसल्याने वजनाचा हिशेब चुकतो. पावडर मोजताना मास्क, चष्मा आणि हातमोजे घालायलाच हवेत. डोळ्यात गेली तर चोळू न देता भरपूर पाण्याने डोळा धूत राहायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. भांडी स्टीलची किंवा प्लास्टिकची घ्या. ॲल्युमिनियमला चुना खातो.

नीळवडी घेतली असेल तर नखाने घासून बघा. चांगल्या निळीवर तांब्यासारखी चमक उमटते. कोरडी पूड पाण्यावर तरंगते आणि तिच्या गुठळ्या होतात. म्हणून ती झाकणाच्या बरणीत कपभर कोमट पाणी आणि दहा-बारा काचेच्या गोट्या घालून दहा मिनिटं हलवा. पाच-सहा लिटरच्या पातेल्यात चार लिटर पाणी 80 अंशांपर्यंत तापवा. त्यात फ्रुक्टोज विरघळवा, मग भिजलेली नीळ घाला आणि शेवटी चमच्या-चमच्याने चुना. तासभर झाकून ठेवा, दर पंधरा मिनिटांनी हळूच ढवळा. वर तांबूस साय धरली, कडेला निळा फेस जमला आणि चमच्यात घेतलेलं पाणी पिवळसर तपकिरी दिसलं की नीळ उतरली. पिंपात साधारण 50 अंशांचं सोळा लिटर पाणी भरा आणि पातेलं त्याच्या अगदी जवळ धरून ओता. उंचावरून ओतलं तर हवा मिसळते आणि उतरलेली नीळ पुन्हा वर चढते. झाकण लावून रात्रभर निवळू द्या. पुण्या-नाशकाच्या थंडीत पिंपाला जुनी गोधडी गुंडाळा. सकाळी वरचं निवळ पाणी चार-पाच लिटर काढून गरम करा आणि अलगद परत घाला. 40 अंशांच्या आसपास आलं पाहिजे.

कापडाची खळ काढणं हेही आधीचंच काम. किलोभर सुती कापडाला 20 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पाणी पिवळं निघतं. वाळल्यावर कापडावर थेंब टाका. तो लगेच शोषला गेला पाहिजे; मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. तुरटी आणि हिरडा इथे लागत नाहीत. मंजिष्ठाचा लाल रंग शिकून आलेली मंडळी हे हमखास विचारतात. नीळ धाग्यात शिरून हवेने तिथेच अडकते, तिला धरून ठेवायला तुरटी लागत नाही.

दिवसाची सुरुवात बांधणीने किंवा धावदोरा ओढून करण्याच्या कामाने करा. दोरा दुहेरी आणि जाड हवा, ओढून गाठ पक्की मारायची. सैल चुणीत नीळ शिरते आणि नक्षी धूसर येते. बांधलेलं कापड अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा आणि पाण्यातच दाबून बुडबुडे काढा.

सगळ्यांची कापडं भिजत असताना करायचा एक प्रयोग आम्ही कधीच गाळू देणार नाही. लिटरच्या तीन काचेच्या बरण्या घ्या. पहिलीत 5 ग्रॅम नीळ, 10 ग्रॅम चुना आणि 15 ग्रॅम फ्रुक्टोज, गरम पाण्यात. दुसरीत फ्रुक्टोज घालू नका. तिसरीत चुना घालू नका. तासाभरात पहिली पिवळी पडते, बाकी दोन्ही निळ्या गढूळ राहतात. दुसरीत नीळ उतरवणारं कुणी नाही. तिसरीत फ्रुक्टोज आहे, पण चुन्याच्या अल्कली गुणाशिवाय ते काम करत नाही. मग प्रत्येकाला दुसऱ्या बरणीत चिंधी बुडवून धुवायला लावा. निळी झालेली चिंधी पाण्याखाली धरताच फिकी पडते. आता राहिलेली वस्तू घालून दोन्ही बरण्या गरम करून दुरुस्त करायला सांगा. निळा स्टोल सगळेच घेऊन जातात. आजारी पिंप ओळखून बरं करता येणं ही घरी न्यायची खरी विद्या आहे, तिला पुरेसा वेळ द्या.

बुडवताना कापड हळू आत सोडायचं, पाण्याखालीच उलगडायचं आणि तळाच्या गाळाला लावायचं नाही. तळापासून वीतभर वर जाळी टांगली तर धडपड टळते. काढताना पृष्ठभागाजवळच पिळा, थेंब वरून टपकू देऊ नका. हिरवट पिवळं निघालेलं कापड बघता बघता निळं होतं. घड्या उघडून दहा-बारा मिनिटं वारा दिल्यावरच पुढची बुडी. गडद निळं हवं तर बुड्या वाढवायच्या, बुडीचा वेळ वाढवायचा नाही. एकाच लांब बुडीत नीळ वरवर बसते आणि नंतर हाताला लागते.

दुपारपर्यंत पिंप थकतं. पाणी निळसर झालं तर 30 ग्रॅम फ्रुक्टोज घालून गरम करा. पाण्याचा अल्कली गुण मोजणारी पीएच पट्टी 10 च्या खाली गेली तर 20 ग्रॅम चुना घाला. हळूच ढवळून तासभर निवळू द्या. दुसरं पिंप ठेवायचं हेही एक कारण आहे.

शेवटी साध्या पाण्यात धुऊन लिटरला 15 मिली व्हिनेगर घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, नाहीतर वाळल्यावर चुन्याचा पांढरा थर दिसतो. गाठी तिथेच सोडा, पण साबणाची धुलाई दुसऱ्या दिवशी घरी करायला सांगा. पिंप ओतून देऊ नका. झाकून ठेवलं आणि आठवड्याला थोडं फ्रुक्टोज-चुना देऊन गरम केलं तर ते महिना-दोन महिने टिकतं, पुढच्या तुकडीला फिक्या छटांसाठी कामाला येतं.