फँटसी टेबलटॉप गेम निवडायचाय? एकच प्रसंग सगळ्या सिस्टिममध्ये खेळून बघा

इंदूरात आम्ही टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्टीतली पात्रं होऊन खेळतो, तिथे नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) शिकू का पाथफाइंडर, का अजून दुसरं काही? मग घरी जाऊन रिव्ह्यू बघत बसतात आणि जास्तच गोंधळतात. माझं मत अगदी पक्कं आहे, नुसती पुस्तकं वाचून सिस्टिमची, म्हणजे खेळाच्या नियमांची, तुलना होत नाही. एक छोटा प्रसंग घ्यायचा आणि तोच प्रत्येक सिस्टिमने खेळायचा. कसं ते सांगते.

आधी प्रसंग ठरवा. आमचा असा: रात्रीची वेळ, होळकरांचा राजवाडा, सातव्या मजल्यावर जादूची पेटी. दारावरच्या पहारेकऱ्याला पटवायचं, नाही पटला तर मागच्या भिंतीवरून चढायचं, आणि वर पेटीची राखण करणारा वेताळ आहे त्याच्याशी भिडायचं. बोलणं, धोका, मारामारी तिन्ही आलं, बस. राजवाडा सगळ्यांनी पाहिलेला असतो त्यामुळे वर्णनात वेळ जात नाही, ग्वाल्हेरवाल्यांनी खुशाल किल्ला घ्यावा.

मग सिस्टिम निवडा, तीन, फार तर चार, आणि एकमेकींपासून लांबच्या. मी डी अँड डी ची पाचवी एडिशन (२०१४ ची, २०२४ मध्ये सुधारलेली), पाथफाइंडर सेकंड एडिशन (२०१९), डंजन वर्ल्ड आणि केर्न सुचवीन. लगेच पुस्तकं विकत घेऊ नका, पाचव्या एडिशनचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (कोणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली) खुले आहेत, पाथफाइंडरचे नियम ऑनलाइन फुकट वाचता येतात आणि केर्नची पीडीएफ पण फुकटच आहे. वेगवेगळ्या बाजूंच्या सात फाशांचा एक सेट मात्र मागवून ठेवा. डंजन वर्ल्डला बहुतेक काम लुडोच्या दोन फाशांवर होतं, डॅमेजला, म्हणजे किती इजा झाली ते ठरवायला, तेवढे वेगळे लागतात.

कॅरेक्टर बनवताना घड्याळ लावा. केर्नमध्ये क्लास (लढवय्या, जादूगार असे प्रकार) वगैरे काही नाही, प्रत्येकी तीन फासे टाकून तीन गुण ठरवले, सामान लिहिलं की झालं तयार. पाथफाइंडरमध्ये अँसेस्ट्री (वंश), बॅकग्राउंड, क्लास, फीट (खास कसब) असं एकेक निवडत जायचं, नवख्याचा तास सहज जातो, पण ज्याला असं जुळवाजुळव करायला आवडतं तो तिथेच रमतो, म्हणून वेळेबरोबर चेहरे पण बघा.

आता भिंत. खरा फरक इथे कळतो म्हणून इथे घाई करू नका.

पाचव्या एडिशनमध्ये समजा अवघडपणा १५ आणि तुमचा बोनस ३, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर पाहिजे, शक्यता ४५ टक्के. मित्राने वरून दोर धरला तर अ‍ॅडव्हांटेज, दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, शक्यता एकदम ७० टक्क्यांच्या आसपास जाते. सोपं आहे, पण निकाल दोनच, चढलात किंवा नाही चढलात.

पाथफाइंडरमध्ये त्याच १५ ला निकाल चार. २५ किंवा वर आलं तर झपझप वर, १५ ते २४ साधं यश, त्याखाली जागेवरच अडकलात, आणि ५ किंवा कमी आलं तर सरळ खाली. म्हणून तिथे प्रत्येक प्लस वनला किंमत असते आणि लोक त्यासाठी भांडतात.

डंजन वर्ल्डमध्ये दोन साधे फासे अधिक तुमचा गुण. १० किंवा वर पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा कमी आलं की जीएम (गेम मास्टर, गोष्ट चालवणारा) संकट आणतो. गुण +२ असेल तर शंभरात साधारण ४२ वेळा पूर्ण यश आणि ४२ वेळाच ते अर्धवट, म्हणजे वर पोचलात पण दोर खाली लटकत राहिला आणि पहारेकऱ्याने कंदील वर केला! गोष्ट इथेच पुढे सरकते.

केर्नमध्ये वीसच्या फाशावर आपल्या गुणाएवढं किंवा कमी आणायचं, ताकद १२ असेल तर ६० टक्के. आणि धोका नसेल तर फासा टाकायचाच नाही.

वेताळाशी लढताना काय बघायचं? पाथफाइंडरमध्ये टर्नला तीन अ‍ॅक्शन मिळतात पण दुसऱ्या वाराला सहसा उणे ५, तिसऱ्याला उणे १०, म्हणून शहाणा खेळाडू तिसरी अ‍ॅक्शन ढाल उचलायला किंवा सरकायला ठेवतो. केर्नमध्ये वार चुकतच नाही, डॅमेजमधून चिलखत वजा करायचं आणि उरलेलं अंगावर, त्यामुळे लोक लढाई टाळायच्या युक्त्या शोधतात, वेताळाला बोलण्यात गुंतवतात, पेटी दोरीने खिडकीतून खाली सोडतात. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

एक्सपी (अनुभवाचे पॉइंट, ज्यांवर कॅरेक्टर पुढे वाढतं) कशाचा मिळतो तेही वाचा, पुढचे सहा महिने टेबल कसं वागेल ते तिथेच लिहिलेलं असतं. १९८१ चे डी अँड डी नियम नव्याने मांडणाऱ्या ओल्ड-स्कूल इसेन्शियल्समध्ये परत आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी, म्हणून लोक खजिन्यामागे जातात. डंजन वर्ल्डमध्ये रोल फसला की एक्सपी, म्हणून धाडस करतात.

नियम इंग्रजीत आणि टेबलावर बोलणं मराठी-हिंदीत, हे आपल्याकडे चालायचंच. घरातली काका-मावशी मंडळी किंवा शाळकरी मुलं खेळणार असतील तर अशी सिस्टिम बरी जिथे एकट्या जीएमने वाचलं तरी गाडी चालते, डंजन वर्ल्ड आणि केर्न तशा आहेत. पाथफाइंडरमध्ये प्रत्येकाला आपली शीट नीट माहीत पाहिजे, नाहीतर टर्न यायला फार वेळ लागतो.

प्रत्येक खेळानंतर गप्पा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांकडून चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहून घ्या: पुस्तक किती वेळा उघडलं, मी गप्प कधी बसलो, पुढे काय झालं असतं हे जाणून घ्यावंसं वाटतंय का. शेवटी सिस्टिम मतांवर ठरवा, मतं समान पडली तर जीएमचं मत दोन धरा, कारण तयारी दर आठवड्याला त्यालाच करायची असते.