लाकडी जमीन घासण्याच्या व्यवसायात येणाऱ्यांसाठी

बॉस्टन आणि त्याच्या आसपासच्या गावांत 1880 ते 1930 या काळात बांधलेली तीन मजली लाकडी घरे आजही मोठ्या संख्येने उभी आहेत, आणि त्यांतील कित्येक खोल्यांत ओकच्या अरुंद पट्ट्यांची जमीन आहे. वर्षानुवर्षांच्या वावराने या जमिनीवरचे पॉलिश उडते, पाण्याचे काळे डाग पडतात, दारापाशी लाकूड उघडे पडते. अशी जमीन घासून पुन्हा नवी करणे हे माझे काम आहे. महाराष्ट्रात सुतारकाम शिकून इकडे आलेले तरुण या व्यवसायाबद्दल माझ्याकडे चौकशी करतात, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहून ठेवत आहे.

नवशिक्याचे सगळे लक्ष मोठ्या ड्रम मशीनकडे, म्हणजे फिरत्या रुळावर घासकागद गुंडाळलेल्या घासणी यंत्राकडे असते. माझा आग्रह मात्र असा आहे की मशीनला हात लावण्यापूर्वी जमीन पारखायला शिकावे, कारण घासलेले लाकूड परत आणता येत नाही. प्रचलित ओक पट्टी 19 मिलिमीटर जाड असते, पण दोन पट्ट्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेच्या वरचे साधारण 6 मिलिमीटर लाकूडच आपल्या उपयोगाचे असते. पूर्ण घासणीत त्यातले सुमारे पाऊण मिलिमीटर जाते, आणि निष्काळजी माणसाच्या हातून त्याच्या दुप्पटही जाऊ शकते. म्हणून गरम हवेच्या झरोक्याची जाळी किंवा उंबऱ्याची पट्टी उचलून लाकडाची कड पाहावी, आणि खाचेवर किती लाकूड उरले आहे ते मोजावे. या भागातील बऱ्याच जुन्या घरांत केवळ 8 मिलिमीटर जाडीच्या, वरून खिळे ठोकलेल्या पट्ट्या आढळतात. तिथे प्रत्येक खिळ्याचे डोके ठोकून आत बसवल्याशिवाय मशीन सुरू करू नये. खिळ्यावर घासले की मशीनचा घासकागद फाटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ठिणगी उडून भुशाच्या पिशवीत जाते.

ओलाव्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. इथला उन्हाळा दमट असतो, तर हिवाळ्यात घरातील हीटरमुळे हवा कोरडी होते, त्यामुळे लाकूड वर्षभर फुगत आणि आकसत राहते. खालून ओल लागलेल्या पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या जातात आणि मधला भाग खोलगट होतो. अशी जमीन त्याच अवस्थेत घासून सपाट केली, तर काही महिन्यांनी लाकूड सुकल्यावर कडा खाली बसतात आणि पट्ट्यांचे मधले भाग फुगीर दिसू लागतात. ओलीचे कारण शोधून ते दूर करणे, ओलावामापकाने पुन्हा पुन्हा मोजणे आणि लाकूड स्थिरावेपर्यंत थांबणे याशिवाय दुसरा उपाय नाही, मग घरमालक कितीही घाई करो. हिवाळ्यात पट्ट्यांमध्ये पडणाऱ्या फटींचेही तसेच आहे. त्या सरसकट लांबीने (पुट्टीने) भरल्या, तर उन्हाळ्यात पट्ट्या फुगून ती पुट्टी वर ढकलतात.

प्रत्यक्ष घासणीत कागदांचा क्रम पाळणे हे खरे शिस्तीचे काम आहे. घासकागदाचा नंबर जितका लहान तितका तो जास्त खरखरीत, म्हणून जीर्ण ओकवर सहसा 36 किंवा 40 नंबरपासून सुरुवात करून 60, 80 आणि 100 असे पुढे जातात. प्रत्येक कागदाचे काम आधीच्या कागदाचे ओरखडे पुसणे एवढेच असते. मधला नंबर गाळला तर खोल ओरखडे तसेच राहतात, साध्या उजेडात दिसत नाहीत, आणि रंगाचा किंवा पॉलिशचा पहिला हात मारताच उठून दिसतात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर दिवा जमिनीलगत आडवा धरून पाहावे. ड्रम फिरत असताना तो नेहमी चालता चालता हळुवार टेकवावा आणि चालता चालताच उचलावा, कारण क्षणभर एका जागी थांबला तरी खड्डा पडतो. भिंतीकडेचा भाग एजरने (कडा घासण्याच्या छोट्या मशीनने) आणि कोपरे हाताने खरवडून करावे लागतात. नवीन माणसाला आधी एजरच मिळतो आणि त्यात दिवसभर ओणवे राहून कंबर व गुडघे दुखतात. तरीही ते काम कमी लेखू नये, कारण बारीक वर्तुळाकार ओरखडे तिथेच राहतात आणि खिडकीतल्या उन्हात तेच पहिल्यांदा नजरेत भरतात.

आरोग्याबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. कठीण लाकडाचा भुसा नाकाच्या कर्करोगास कारणीभूत ठरतो हे सिद्ध झालेले असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क आणि कानांचे संरक्षण आपल्या पैशाने घ्यावे लागले तरी घ्यावे. 1978 पूर्वीच्या घरात जुन्या रंगात किंवा वॉर्निशमध्ये शिसे असू शकते, आणि जुन्या टाइल्सखालच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस हे फुफ्फुसांना घातक तंतुमय खनिज असू शकते. तपासणी झाल्याशिवाय त्यावर मशीन चालवायला नकार देण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

आगीविषयी अधिक स्पष्ट लिहिणे भाग आहे. भुशाची पिशवी रात्रभर घरात किंवा गाडीत ठेवू नये, कारण ठिणगी तिच्यात तासन्‌तास धुमसू शकते. ती रोज रिकामी करून भुसा घराबाहेर, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावा. तेलाने भिजलेली फडकी ढीग करून ठेवली तर आपोआप पेटतात. 2004 आणि 2005 मध्ये याच परिसरात लॅकर सीलरच्या, म्हणजे पॉलिशआधी लाकडावर दिल्या जाणाऱ्या अतिज्वलनशील लेपाच्या वाफा पेटून हेच काम करणारे व्हिएतनामी कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर कामगारांच्या संघटनांनी लढा दिला आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने अशा सीलरच्या वापरावर कायद्याने बंदी आणली. शेगडीची किंवा पाणी तापवण्याच्या यंत्राची सतत जळणारी छोटी ज्योतदेखील पुरेशी ठरते, म्हणून पॉलिशचा डबा उघडण्यापूर्वी घरातील सर्व ज्योती विझल्याची खात्री स्वतः करावी, मालकाच्या शब्दावर विसंबू नये.

शिकण्यासाठी एखाद्या अनुभवी कारागिराच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहणे सर्वांत उत्तम, आणि सोबत अमेरिकेच्या राष्ट्रीय लाकडी जमीन संघटनेचे प्रशिक्षणवर्ग करावेत. ज्याच्याकडे काम शिकायचे, तो जमिनीची जाडी मोजतो का आणि पिशवी बाहेर नेतो का, एवढे पाहिले तरी त्याची पारख होते.

काम संपल्यावर मी घरमालकाला एक कागद लिहून देतो, आणि तुम्हीही द्यावा: खाचेवर किती लाकूड उरले, कोणत्या नंबरपर्यंत घासले, पॉलिश तेलाचे की पाण्याचे आणि त्याचे किती हात दिले. पॉलिश झिजून लाकूड उघडे पडण्याआधी बोलावल्यास नुसते बफरने (गोल फिरणाऱ्या चकतीच्या मशीनने) हलके घासून वर एक नवा हात देता येतो आणि लाकडाला धक्का लागत नाही, हेही त्यावर लिहितो. त्यात आमची कमाई कमी होते, पण आणखी एका घासणीपुरतेच लाकूड उरलेल्या घरात हाच सल्ला देणे योग्य आहे.