इंग्रजी यमकाचे शब्द पोरांना अर्थासकट कसे शिकवायचे

राइमिंग वर्ड्स म्हटलं की फळ्यावर कॅट, रॅट, मॅट, बॅट लिहायचं आणि वहीत दहा वेळा उतरवून घ्यायचं, ही पहिली-दुसरीतली नेहमीची रीत. पोरगं लिहितं, पाठही करतं. पण टोपी हातात धरून 'हॅटला जुळणारा शब्द सांग' म्हटलं की खाली पाहतं. यमक ऐकायचं असतं आणि आपण ते दाखवत बसतो, म्हणून असं होतं. आधी कान, मग तोंड, त्यासोबत अर्थ आणि स्पेलिंग सगळ्यात शेवटी, असा क्रम धरा.

यमक म्हणजे काय हे विदर्भातल्या खेड्यातल्या पोराला वेगळं समजावून सांगायची गरज नसते. पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणायची यमकातली कवनं, ऐकलेल्या असतात, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हटलेली असतात. पहिल्या दिवशी इंग्रजी काढूच नका. तुम्ही 'माठ' म्हणा, पोरं 'पाठ', 'काठ', 'आठ' म्हणतील. 'वावर' म्हणा, कोणीतरी 'आवर', 'सावर' म्हणेल. वर्ग रंगात आला की त्याच सुरात 'पेन' सोडून द्या. 'टेन' हमखास येतं. 'हेन' आणि 'मेन' तुम्ही पुरवा.

शिकवणाऱ्याच्या डोक्यात मात्र नियम पक्का हवा. इंग्रजी शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो, तिथपासून शेवटापर्यंतचा आवाज तंतोतंत सारखा पाहिजे आणि त्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं पाहिजे. दोन्ही अटी लागतात. सन म्हणजे सूर्य आणि सन म्हणजे मुलगा, यांचा उच्चार एकच, आधीचं व्यंजनही तेच, म्हणून ती यमकाची जोडी होत नाही. सनला रन, फन, गन जुळतात. दुसरी फसगत 'इंग'ची. किंग, रिंग, सिंग, ब्रिंग हे यमक. रनिंग आणि ईटिंग मात्र नाही, कारण जोर 'रन' आणि 'ईट'वर आहे, शेवटच्या 'इंग'वर नाही. रनिंगला कनिंग जुळेल, ईटिंगला मीटिंग.

तोंडी खेळ रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. तीन शब्द म्हणा: पॉट, हॉट, कप. न जुळणारा कोणता? पोरं इथं तीन प्रकारे चुकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कॅटला जुळणारा शब्द 'कॅप' सांगणारं पोरगं शब्दाची सुरुवात ऐकत असतं. त्याच्यासमोर शब्द तोडून म्हणा, 'क' हलका आणि 'ऍट' लांबवून. कॅटला 'डॉग' सांगणारं अर्थ जुळवत असतं. त्याला चित्र दाखवू नका, डोळे मिटून ऐकायला लावा. बॅगला 'बॅक' आणि कॅबला 'कॅप' जुळवणारं पोरगं बरंचसं बरोबर ऐकतंय, फक्त शेवटचं व्यंजन निसटतंय. त्याला गळ्यावर हात ठेवून शेवटचा ग आणि ब म्हणायला सांगा, थरथर लागते. क आणि पला लागत नाही.

झॅट असा अर्थ नसलेला शब्द आला तर हटकू नका. कान बरोबर चाललाय एवढाच त्याचा मतलब. 'जुळतो, पण असा शब्द इंग्रजीत नाही' म्हणून पुढे चला.

आता उच्चार. यमकाचा अर्धा गोंधळ इथंच असतो. ऍ आणि ऑ हे स्वर मराठीत इंग्रजीसोबत आले, गावातल्या बोलण्यात ते मुरलेले नाहीत. म्हणून हॅट, हॉट आणि हार्ट ही तिन्ही कधीकधी 'हाट' होतात आणि पोराच्या कानाला ती तिन्ही एकमेकांशी जुळतात. 'ए' म्हणायला लावा आणि जीभ तिथंच ठेवून जबडा खाली सोडायला सांगा, 'ऍ' निघतो. 'आ' म्हणता म्हणता ओठ गोल केले की 'ऑ'. घरातला छोटा आरसा असेल तर एका दिवसाचं काम आहे. दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. तीन, पीठ, मूठ अशा मराठी शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असतं, त्या सवयीने पोरगं 'फिट'ला 'फीट' आणि 'शिप'ला 'शीप' करतं. इंग्रजीत त्यानं अर्थच पालटतो: शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी, फुल म्हणजे भरलेलं, फूल म्हणजे येडं. फिट, हिट, सिट हा एक गट आणि फीट, मीट, सीट हा दुसरा. दोन्ही एकाच आठवड्यात घेऊ नका. 'डोया', 'सकाय' म्हणणाऱ्या पोराला मात्र यासाठी टोकायचं कारण नाही, इंग्रजीत ळ नाहीच.

गट निवडताना आठवड्याला दोन पुरेत. एका गटात पाच-सहा शब्द, पण त्यांतले अर्थाने नवे शब्द दोन, फार तर तीन. सगळ्यात जास्त मोडणारा नियम हाच. सारख्या आवाजाचे सहा अनोळखी शब्द एका दिवशी दिले तर ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. पोरगं यमक सांगतं, पण हॅट कोणती आणि मॅट कोणती ते सांगू शकत नाही. म्हणून पेन, टेन आधीच माहीत असतात त्या गटात हेन म्हणजे कोंबडी आणि डेन म्हणजे जनावराची गुहा, हे दोनच नवे. मग, जग, हग, बग, रग या गटात मग आणि जग घरातलेच. नवे हग म्हणजे मिठी मारणे, बग म्हणजे किडा आणि रग म्हणजे जाड सतरंजी किंवा पांघरायचं ब्लँकेट.

अर्थ सांगताना वस्तू असेल तर वस्तू दाखवा, क्रिया असेल तर करायला लावा. पॅट म्हणजे थोपटणे, टग म्हणजे जोरात ओढणे. पोरांनी एकमेकांची पाठ थोपटली, दोरी ओढली की झालं. एका शब्दाचे दोन अर्थ असतील तर पहिल्या दिवशी एकच द्या. बॅट म्हणजे क्रिकेटची बॅट आधी, वटवाघूळ पुढच्या आठवड्यात. कॅनचंही तसंच, डबा आधी आणि 'शकणे' नंतर.

पुस्तकातले शब्द संपले की वावराकडे वळा, कारण शेतीच्या इंग्रजी शब्दांत यमकाचे गट भरपूर आहेत. सीड, वीड, फीड, नीड हा सगळ्यात कामाचा: बियाणं, तण, चारा घालणे, गरज असणे. बियाण्याच्या पिशवीवर आणि तणनाशकाच्या चिठ्ठीवर यातले शब्द छापलेलेही असतात (रिकाम्या औषधाच्या डब्या मात्र वर्गात आणू नका). रेन, ग्रेन, ट्रेन, ड्रेन म्हणजे पाऊस, धान्य, रेल्वेगाडी, नाली. वेल, बेल, टेल, सेल, फेल म्हणजे विहीर, घंटा, सांगणे, विकणे, पडला. सॉइल, ऑइल, बॉइल म्हणजे माती, तेल, उकळणे. गोट, बोट, कोट तर सगळ्यांनाच येतात. कपाशीच्या कॉटनला रॉटन म्हणजे सडका हा शब्द जुळतो, आणि बोंडअळीनं खाल्लेलं बोंड उघडून दाखवलं की तो पोरं विसरत नाहीत.

पोळ्याच्या बैलाला इंग्रजीत काय म्हणायचं, हे इथं नीट सांगा. बुल म्हणजे सांड, वळू. वखराला जुंपायचा बैल तो ऑक्स किंवा बुलक. ऑक्सला फॉक्स आणि बॉक्स जुळतात, बुलला फुल आणि पुल.

वस्तू बनवायची असेल तर शब्दपट्टी करा, खर्च जवळपास शून्य. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद 12 बाय 8 सेंटिमीटरचा कापा. डावीकडे एकाखाली एक अशा दोन आडव्या चिरा पाडा, प्रत्येक 2.8 सेंटिमीटर लांब, दोघींत 3 सेंटिमीटरचं अंतर. ए-फोर कागदाच्या लांबीतून अडीच सेंटिमीटर रुंद आणि 29 सेंटिमीटर लांब पट्टी कापा. वर-खाली 4-4 सेंटिमीटर कोरे सोडा, नाहीतर ओढताना पट्टी सुटून येते. मधल्या 21 सेंटिमीटरमध्ये तीन-तीनचे सात घर आखा आणि त्यांत बी, सी, एफ, एच, एम, आर, एस ही लहान लिपीतली अक्षरं लिहा. चिरांच्या उजवीकडे ए-टी लिहा. पट्टी मागून खालच्या चिरेतून पुढे काढून वरच्या चिरेतून परत मागे घाला. ओढलं की बॅट, कॅट, फॅट, हॅट, मॅट, रॅट, सॅट, सातही खरे शब्द येतात.

बिघडतं ते असं. चिर पट्टीच्या मापाचीच पाडली तर पट्टी अडकते आणि फाटते, म्हणून 3 मिलिमीटर जास्तीचे. पी, जी, जे या अक्षरांचे पाय खाली लोंबतात. त्यांची पट्टी करताना अक्षराची बैठक घराच्या तळापासून 1 सेंटिमीटर वर धरा, नाहीतर अक्षर ए-टीच्या रेषेत बसत नाही. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो. आधी लिहून मग दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावला तर हंगाम काढतो. आणि नवी पट्टी केली की पोरांच्या हातात देण्याआधी सगळ्या जोड्या स्वतः मोठ्यानं वाचा. काही अक्षरं भलत्याच जागी लागून शिवी तयार होते, आणि ती सगळ्यात आधी मागच्या बाकावर सापडते.

शब्दपट्टी चांगली चालायला लागली की पोरांना वाटतं, शेवट सारखा लिहिला म्हणजे झालं यमक. तिसरी-चौथीत हा समज मोडावा लागतो. कट, नट, हट जुळतात, पण पुट जुळत नाही. बुल, फुल, पुल जुळतात, त्याच स्पेलिंगचे डल आणि हल त्यांच्यात बसत नाहीत. बोन, डन, गॉन तिन्ही ओ-एन-ई, तिन्ही वेगळे. काऊ, नाऊ, हाऊ एकीकडे आणि लो, स्लो, स्नो दुसरीकडे. एस-ओ-डब्ल्यू हा शब्द तर 'सो' वाचला की पेरणे आणि 'साऊ' वाचला की डुकरीण. नांगर म्हणजे प्लाऊ, तो ओ-यू-जी-एचचा असून काऊशी जुळतो, आणि त्याच अक्षरांचा टफ कॉफशीही (खोकला) जुळत नाही. टफला रफ आणि इनफ लागतात. उलटही होतं: लाईट, काईट आणि हाईट यांची स्पेलिंगं तीन तऱ्हांची, यमक पक्कं.

असं का, हे एखादं पोर विचारतंच. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर उच्चारात सरकले. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, त्यानंतर स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि उच्चार बदलतच राहिले. फूड, गुड आणि ब्लड यांत एकेकाळी एकच स्वर होता. आता तिघं तीन वाटांनी गेले, डबल ओ तेवढा राहिला. एवढं सांगितलं तर पोरं समजून घेतात. 'इंग्रजी अशीच येडी आहे' म्हणून विषय संपवला की पाठांतर सुरू होतं.

वहीत यमकाचे शब्द लिहायला लावताना दोन रकाने करा. डावीकडे आवाजही स्पेलिंगही सारखं, उजवीकडे आवाज सारखा पण स्पेलिंग वेगळं. रेन, ग्रेन, ट्रेन डावीकडे. लेन, प्लेन (विमान) उजवीकडे. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायचा असेल तर ऍ, ऑ आणि ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर लिहा, नाहीतर उच्चार लिहूच नका.

मोबाईलवरून उच्चार ऐकवताना एकच आवाज पक्का करा, ब्रिटिश किंवा भारतीय. अमेरिकन आवाजात हॉट जवळपास 'हाट' होतं आणि ग्लास 'ग्लॅस'. एबीसीडीच्या गाण्याची गंमतही तिथलीच. अमेरिकेत शेवटचं अक्षर 'झी' म्हणतात म्हणून ते 'व्ही'ला जुळतं. आपण 'झेड' म्हणतो आणि यमक तिथंच तुटतं.

संत्र्याच्या वरुड-मोर्शीकडचं पोरगं ऑरेंजला यमक विचारणार. रोजच्या वापरातला एकही शब्द त्याला नीट जुळत नाही. मंथ आणि सिल्व्हरचंही तेच. शोधायला बसवू नका, आधीच सांगून टाका.

शब्द वापरात आणायला दोन ओळींची तुकबंदी करून घ्या. 'आय हॅव अ गोट, इट एट माय कोट.' ओळीत चार-पाच शब्दच असावेत आणि जुळणारा शब्द ओळीच्या शेवटीच यावा. वाक्य लांबलं की पोरगं मधेच अडखळतं आणि यमक ऐकूच येत नाही.

गट संपल्यावर लगेच परीक्षा घेऊ नका, ताजं असताना सगळ्यांनाच येतं. तीन दिवस तो गट बाजूला ठेवा, मग प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: शब्द तुम्ही म्हणा, अर्थ त्यानं करून किंवा दाखवून सांगावा, मग एक जुळणारा शब्द द्यावा. सहापैकी चार आले तर पुढचा गट घ्या. यमक येतंय पण अर्थ येत नसेल तर नवे शब्द एकावर आणा. अर्थ येतोय पण यमक अडतंय, तर पट्टी आणि वही आठवडाभर कपाटात ठेवून पुन्हा तोंडी खेळावर या.