गोदेची पातळी दुकानदाराला कशी कळणार? युनिटीत दुसऱ्या स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल वाचताना

पावसाळ्यात नाशिककर आकडे नंतर विचारतो, आधी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कमरेला लागलं की भांडीबाजारात आवराआवर सुरू. यावरच मी युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, छोटा गेम करायला घेतला. ‘नदी’ स्क्रिप्टमध्ये (कोडच्या फाइलमध्ये) ‘पातळी’ हे व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा), आणि ते वाचायचंय ‘दुकानदार’ स्क्रिप्टला. पहिल्याच रात्री अडकलो ते इथे.

आधी एक समजून घ्या: स्क्रिप्ट हा नुसता साचा असतो. ‘नदी’ गोदावरीच्या ऑब्जेक्टलाही (गेममधल्या वस्तूलाही) लावली आणि नासर्डी या दुसऱ्या नदीच्याही, तर पातळ्या दोन झाल्या. म्हणून ‘नदीची पातळी दे’ एवढ्यावर भागत नाही, कोणत्या नदीची ते सांगावं लागतं, नाहीतर एरर येतो. ‘व्हेरिएबल स्टॅटिक (सगळ्यांत मिळून एकच) करून टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. एरर जातो खरा, पण मग दोन्ही नद्यांत मिळून पातळी एकच, नासर्डीला पूर आला की गोदाही फुगते!

पायरी १: ‘नदी’मध्ये पातळी ही फ्लोट (दशांश आकड्याची) प्रॉपर्टी करा, गेट (वाचणं) पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुलं, आणि सेट (बदलणं) प्रायव्हेट, म्हणजे फक्त ‘नदी’पुरतं. मारुतीकडे कुणीही बघावं, पाणी मात्र गंगापूर धरणातूनच सुटावं, तसं. सरळ पब्लिक व्हेरिएबल ठेवलं तरी चालतं, पण उद्या तिसरीच स्क्रिप्ट पातळी बदलते आणि आपण चोर शोधत बसतो.

पायरी २: ‘दुकानदार’मध्ये, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, ‘नदी’ या टाइपचं प्रायव्हेट व्हेरिएबल लिहा. नाव ‘गोदा’. त्याच्या आधी चौकटी कंसात सिरिअलाइझफील्ड, म्हणजे प्रायव्हेट असूनही ते युनिटीत दिसेल.

पायरी ३: सेव्ह करून युनिटीत या. दुकानदार निवडला की इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या ऑब्जेक्टची माहिती दाखवणाऱ्या खिडकीत) ‘गोदा’ची रिकामी जागा दिसेल. हायरार्कीतून (सीनमधल्या ऑब्जेक्टांच्या यादीतून) गोदावरीचा ऑब्जेक्ट ओढून तिथे सोडा. मी नेमकं हेच विसरलो होतो. अपडेट हे फंक्शन दर फ्रेमला (पडद्यावरच्या दर चित्राला) चालतं, त्यामुळे एरर दाखवणारा कन्सोल लाल ओळींनी भरून वाहायला लागला: नल रेफरन्स एक्सेप्शन, म्हणजे ‘गोदा’ रिकामीच. तासभर कोड तपासला, आणि कोडात चूक नव्हतीच.

पायरी ४: अपडेटमध्ये ‘गोदा’, टिंब, ‘पातळी’ असं लिहून वाचा. २.५ च्या वर गेली की सामान माळ्यावर.

ओढून सोडण्याऐवजी गेमऑब्जेक्ट डॉट फाइंड या फंक्शननेही नदी सापडते. पण ते नावावर शोधतं. ऑब्जेक्टचं नाव बदललं की संपलं. अपडेटमध्ये तर ते लिहूच नका, दर फ्रेमला शोधाशोध होते.

दुकानदार खेळ चालू असताना प्रीफॅबमधून (प्रती काढायला साठवलेल्या तयार ऑब्जेक्टमधून) येणार असतील, तर ओढून सोडायची युक्ती चालत नाही. प्रीफॅबला सीनमधला (खेळाच्या मांडणीतला) ऑब्जेक्ट धरून ठेवता येत नाही. अशा वेळी दुकानदार तयार करणाऱ्या स्क्रिप्टकडे गोदा ठेवा. ‘दुकानदार’मध्ये एक पब्लिक फंक्शन लिहा आणि इन्स्टन्शिएट (प्रत तयार) झाल्याच्या पुढच्याच ओळीत त्यातून गोदा त्याच्या हाती द्या. मात्र दुकानदाराचं अवेक (तयार होतानाच चालणारं फंक्शन) त्याआधीच चालून गेलेलं असतं, तेव्हा गोदेची चौकशी त्यानंतर चालणाऱ्या स्टार्टमध्येच करा.